तेच हात

गेली काही वर्षे दिवाळी सरता सरता आमच्या स्वयंपाकघरात एक देखावा हमखास दिसतो. चकल्यांचा डबा अर्ध्यावर आलेला असतो, शंकरपाळ्यांच्या तळाशी चुरा उरलेला असतो, आणि त्याच टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरून आमचे हे रायफलीची नळी साफ करायला बसलेले असतात. सोऱ्या पुसायची चिंधी चुकून नळीत जाऊ नये म्हणून मी तिला गाठ मारून ठेवते.

आम्ही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहतो. तिथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो. त्याच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणे मारण्याचा हंगाम उघडतो आणि नऊ दिवस चालतो. एरवी कारखान्यात, बँकेत, शाळेत दिसणारी माणसे त्या दिवसांत डोळे दिपवणाऱ्या नारिंगी रंगाची जाकिटे घालून रानात शिरतात. पाच लाखांहून अधिक शिकारी परवाना घेतात. त्यांत एक मी असते. उरलेले वर्षभर मी परिचारिका असते.

सणासुदीच्या अंकात रक्तामांसाचे काय घेऊन बसलीस, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरात परिचारिका असते त्या घराला हे विषय सणाच्या दिवशीही चुकत नाहीत. माझ्या निम्म्या दिवाळ्या रातपाळीत गेल्या. नरकचतुर्दशीला मी पहाटे उठले नाही असे नाही. मी झोपलेच नव्हते.

माझा जन्म 1974 चा, मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यातला. वडील माळकरी. घरात कांदा-लसणाचाही एकादशीला विटाळ. सोलापुरात परिचर्येचे शिक्षण झाले, मग कोल्हापूरचे सासर मिळाले आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याशी ओळख झाली. पहिले सहा महिने नुसता वास सोसला, नंतर खाऊ लागले, पुढे तर माझ्या हातचा रस्सा सासूबाई पाहुण्यांना आग्रहाने वाढू लागल्या. वीस वर्षे मी मांस खाल्ले आणि एकदाही मनात प्रश्न आला नाही. मारणारा निराळा, कापणारा निराळा, तोलून देणारा निराळा. माझ्याकडे फक्त फोडणी.

1999 साली आम्ही इकडे आलो. इथली परीक्षा द्यायला आणि मग काम मिळायला तीन-चार वर्षे गेली. तेव्हापासून बहुतेक काळ अतिदक्षता विभागात रातपाळी. संध्याकाळी सातला आत जायचे आणि सकाळी साडेसातला बाहेर यायचे. लोकांना वाटते, तिथे सतत धावपळ, घंटा आणि चमत्कार असतात. खरे काम निराळे असते. दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. बोलू न शकणाऱ्या माणसाचे तोंड ओल्या बोळ्याने पुसायचे. पिशवीतली लघवी मोजायची, रंग पाहायचा, लिहून ठेवायचे. पहाटे चारच्या सुमारास रक्त काढायचे. त्या वेळी रोगी आणि परिचारिका दोघेही सर्वांत दुबळे असतात. एखाद्या म्हातारीच्या हातावर कुणालाच शीर सापडत नाही, मला बोलावतात, मी दोन बोटांनी चाचपते आणि पहिल्या टोचणीत नळीत रक्त दिसते. त्या क्षणी छातीत एक बारीक उसळी येते. ही उसळी लक्षात ठेवावी. तिच्याकडे मला परत यायचे आहे.

अशा नोकरीत संसार चिठ्ठ्यांवर चालतो. हे सकाळी सातला कारखान्यात जाणार, मी आठला घरी येणार. 'भाजी फ्रिजमध्ये आहे', 'नळ गळतो आहे', 'तुझ्या बहिणीचा फोन होता.' मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेल्यावर तर चिठ्ठ्याही कमी झाल्या. ह्यांना शिकारीचा नाद कारखान्यातल्या सोबत्यांनी लावला. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे. ह्यांच्या आजोबांनी ती लहानपणी लांबून पाहिली होती. एवढ्या भांडवलावर हे स्वतःला शिकाऱ्याच्या घराण्यातले समजतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते युग संपवले, म्हणून ह्यांच्या घराण्याचे तेज प्रकट व्हायला विस्कॉन्सिन लागले.

2016 च्या उन्हाळ्यात हे म्हणाले, "तूही चल. नेम नको धरूस. नुसती शेजारी बस." मी गेले ती हरणासाठी नव्हे. नवऱ्याशेजारी आठ तास बसायला मिळेल, मग ते मचाणावर का असेना, म्हणून गेले. पण इथे 1973 आणि त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचे शिक्षण घेतल्यावाचून परवाना मिळत नाही. हे 1971 चे, म्हणून सुटले, मी अडकले. वर्गात माझ्या शेजारी बारा वर्षांची मुलगी होती आणि ती माझ्याहून चांगले उत्तर देई. तिथे शिकवलेल्या नियमांपैकी एक मला रुग्णालयातही टांगून ठेवावासा वाटला: नेम काय आहे एवढेच पाहू नका, नेमाच्या पलीकडे काय आहे तेही पाहा.

त्या वर्षी हंगामाच्या पहिल्याच सकाळी आम्ही एका म्हाताऱ्या गवळी-शेतकऱ्याच्या रानात मचाणावर बसलो होतो. बाटलीतले पाणी गोठत होते. सव्वासातच्या सुमारास पांढऱ्या शेपटीचा एक नर, आपल्याकडच्या चितळाच्या नात्यातला, झाडीतून बाहेर आला. ह्यांनी घाई केली. गोळी लागली, पण हरीण पडले नाही. त्याने पाठीचे कमान केले आणि ते हळूहळू चालत झाडीत गेले. आम्ही खाली उतरून जागा पाहिली. पानांवर काळपट रक्त होते, त्यात हिरवट कण, आणि एक वास. तो वास मला कुणी ओळखून द्यायची गरज नव्हती. आतडे फाटलेल्या रोग्याच्या खाटेशी मी उभी राहिले आहे. फुप्फुसातले रक्त लालभडक आणि फेसाळ असते, यकृताचे गडद; आणि हे पोटाचे होते. शिकारी ज्या खुणांवरून माग काढतो त्या मला वीस वर्षांपासून तोंडपाठ होत्या, हे मला तिथे वाकून उभी असताना कळले.

मी त्या रक्तामागे निघाले. म्हाताऱ्याने आवाज ऐकून ट्रॅक्टर आणला होता. त्याने माझी बाही धरली. म्हणाला, "घरी चला. कॉफी प्या. दुपारी येऊ."

मला त्याचा राग आला. कुणी तडफडत असताना कॉफी प्यायची? माझा सारा धर्म धावण्याचा. पण त्याचे म्हणणे असे, की आता मागे लागलात तर ते मरण पोटात घेऊन मैलभर पळेल, ओढा ओलांडेल आणि तुम्हाला सापडणारही नाही. सोडून द्या, ते जवळच कुठेतरी बसेल. बसले की त्याला त्रास कमी. आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात सहा तास बसलो. हे कप फिरवत राहिले. मी घड्याळ पाहत राहिले. दयेचे काम म्हणून हातावर हात ठेवून बसणे मला त्यापूर्वी कुणी शिकवले नव्हते.

दीडच्या सुमारास ओढ्याकाठच्या झुडपात ते दिसले. बसलेले, मान उचललेली, कान आमच्याकडे. ह्यांनी रायफल उचलली तर हात थरथरत होते. दुसरीही गोळी चुकली असती. मी माझी खांद्याला लावली. तोवर तिच्यातून कागदी निशाणाखेरीज कशावरही गोळी गेली नव्हती. कोपराच्या मागे, खाली, जिथे रोग्याच्या छातीवर मी नळी टेकवून ठोके ऐकते तीच जागा. मान खाली गेली.

संध्याकाळी सगळ्यांनी माझी तारीफ केली. "नर्स आहे ना," असे प्रत्येकजण म्हणत होता. जणू मी सुई टोचून आले होते. मीही ते मानले, कारण मानायला सोयीचे होते. वेदना थांबवली, यात काय वावगे? फक्त एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, ती इथे लिहिते. चाप ओढताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या विभागातल्या दोन-तीन खाटा उभ्या राहिल्या होत्या. मला त्या विचाराची भीती वाटली, आणि आजही वाटते. माणूस हरीण नव्हे; माणसाच्या बाबतीत तो मार्ग माझा नाही. पण भीती ओसरल्यावर एक साधी गोष्ट दिसली. हरणाला विचारता येत नाही, माणसाला विचारता येते. आणि आम्ही विचारत नाही. विचारतो तेव्हा त्याच्या घशात नळी असते.

खरा प्रश्न पुढच्या वर्षी, 2017 साली उभा राहिला. त्या हरणाला कुणी जखमी केले नव्हते. तरुण नर, गवतावर दहिवर गोठलेले, मागून सूर्य. ते जगले असते तर कुणाचेही काही बिघडले नव्हते. मी नेम धरला, श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. ते पन्नासेक पावले पळाले आणि कोसळले. मी त्याच्या कुशीवर हात ठेवला तेव्हा ती ऊबदार होती. मी रडले असेन, निदान माझ्या डोळ्यांत पाणी आले असेल, असे वाचकांना वाटेल. बहिणीलाही वाटले होते. मला आनंद झाला होता.

तिने फोनवर विचारले, "ज्या हातांनी माणसं वाचवतेस त्याच हातांनी?" मी तिला तयार उत्तरे दिली. इथले लांडगे माणसांनी मारून मारून 1960 च्या सुमारास संपवले. 1970 नंतर ते परतले, पण राज्याच्या उत्तर भागात मुख्यतः. दक्षिणेकडे हरणांना खाणारे फारसे कुणी उरले नाही. ती शेत खातात, कोवळी झाडे खातात, मोटारींखाली दरवर्षी हजारोंनी मरतात. बंदुका आणि काडतुसांवर 1937 च्या कायद्याने कर आहे, तो पैसा रानासाठी खर्च होतो. यातले अक्षर खोटे नाही. पण हे सरकारचे उत्तर झाले, माझे नव्हे. कुणी कोवळी झाडे वाचवायला म्हणून पहाटे चारला थंडीत उठत नाही. अल्डो लिओपोल्ड नावाचा एक वन्यजीव-व्यवस्थापनाचा प्राध्यापक याच राज्यात होऊन गेला. तरुणपणी मारलेल्या लांडगीच्या डोळ्यांतला उजेड विझताना पाहून आपण बदललो, असे त्याने लिहिले; ते पुस्तक 1949 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आले. म्हाताऱ्याने ते मला वाचायला दिले होते. मला त्यात सांत्वन हवे होते, ते मिळाले नाही. लांडगी मारल्याचा पस्तावा झालेल्या त्या माणसाने शिकार मात्र सोडली नव्हती.

तो आनंद कसला होता, हे मला आठवडाभराने रातपाळीत उमगले. शिरेत सुई जाताना येते ती उसळीच होती ती. अगदी तीच. हात बरोबर जागी गेल्याचा आनंद. त्याला समोर कोण आहे, त्याचे काय होणार आहे, याच्याशी कर्तव्य नव्हते. बहिणीचा प्रश्न चुकीच्या टोकाने धरलेला होता. मारणाऱ्या हातात वाचवणाऱ्या हाताचे काय उरते, असे ती विचारत होती. मला उलटे विचारावेसे वाटू लागले: वाचवणाऱ्या हातात शिकाऱ्याचे किती होते?

त्याच वर्षीच्या मार्चमधली एक रात्र मग आठवली. एकोणनव्वद वर्षांची बाई, शेतकऱ्याची विधवा, हृदय थांबले. कागदावर 'करू नका' असे काही लिहिलेले नव्हते, म्हणून आम्ही सगळे केले. छाती दाबून हृदय चालवण्याची ही रीत 1960 साली वैद्यकात रूढ व्हायला लागली. कितीतरी घरांत त्यामुळे आज बाप आहे, मूल आहे, हे मी विसरत नाही. छाती पाच सेंटिमीटर तरी खाली जावी लागते, मिनिटाला शंभर-एकशेवीस वेळा. त्या वयात बरगड्या टिकत नाहीत. हाताखाली मोडतात, आणि ते हाताला कळते. अकरा मिनिटांनी नाडी परतली. आम्ही एकमेकींच्या पाठीवर थाप मारली. माझ्या छातीत ती उसळी आली होती, नेहमीपेक्षा मोठी. त्यानंतर ती बाई बारा दिवस यंत्रावर होती. डोळे उघडे असायचे. तिची मुलगी येऊन खुर्चीत बसायची आणि मला विचारायची, "हिला कळतं का?" मी तिची कूस बदलायचे.

आम्ही त्या रात्री काही गैर केले नाही. नियमाप्रमाणे केले, उत्तम केले. आमचा नेम अचूक होता. नेमाच्या पलीकडे काय आहे, हे मात्र कुणी पाहिले नव्हते.

महाभारतात पांडूची गोष्ट आहे. त्याने बाणाने मारलेला मृग हा मृगरूप घेतलेला किंदम ऋषी निघाला आणि त्याने शाप दिला, एवढे आपल्याला आठवते. पण तो ऋषी मरताना म्हणतो काय? मृग मारलास याचा दोष मी देत नाही, राजे मृगया करतातच. मी माझ्या जोडीदारणीबरोबर रममाण होतो, तू थांबला नाहीस. आजवर ती गोष्ट मी मारण्याविरुद्धची समजत आले होते. मचाणावर बसून आठवली तेव्हा ती न थांबण्याविरुद्धची वाटली.

2019 साली माझ्याकडे मादी मारण्याचा परवाना होता. मादी आली, मागे त्या वर्षीचे पाडस. नोव्हेंबरपर्यंत पाडस आईवाचून जगण्याजोगे झालेले असते. कायद्याने आणि म्हाताऱ्याच्या हिशेबानेही मारायला हरकत नव्हती. नेम बसला होता. मी बोट चापावरून काढले. दोघे वीस मिनिटे तिथे चरत होती आणि हे शेजारी श्वास रोखून बसले होते. संध्याकाळी गाडीत त्यांनी विचारले, "का नाही मारलीस?" मी म्हटले, "माहीत नाही." ते म्हणाले, "बरं." लग्नाला एकवीस वर्षे झाली होती, इतका चांगला संवाद आमच्यात क्वचितच झाला असेल. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एक नर मारला, हेही सांगितले पाहिजे. मी काही साध्वी झाले नाही. न मारण्यातही एक सुख होते आणि त्याचाही मला थोडा संशय आहे.

विभागात मी एक गोष्ट सुरू केली, आणि ती नियमबाह्य नाही. शुद्धीवर असलेल्या माणसाला, रात्री औषध देऊन झाल्यावर, दिवा मंद करून विचारायचे: उद्या फार बिघडले तर तुम्हाला काय हवे? डॉक्टरांनी विचारायचे ते. पण डॉक्टर दिवसा येतात आणि दिवसा नातेवाईक असतात. रात्री माणूस खरे बोलतो. 2022 मधला एक म्हातारा मला आठवतो. फुप्फुसे निकामी होत चाललेली. मी शिकारीला जाते हे कळल्यावर त्याने पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे पाहिले. वारा कोणत्या दिशेचा होता, किती पावलांवर होते, सगळे विचारले. एका वाक्यानंतर तीन श्वास, असे ते बोलणे. मग मी माझा प्रश्न विचारला. तो बराच वेळ गप्प होता. म्हणाला, "मला बसू द्या. मागे लागू नका."

मी सकाळी डॉक्टरांना सांगितले, त्यांनी त्याला पुन्हा विचारले, कागद झाले. मुलगा दुसऱ्या राज्यातून आला तो चिडलेला होता. "तुम्ही त्याच्या डोक्यात भरवलंत," असे तो मला म्हणाला. मी उत्तर दिले नाही, कारण रात्री तीन वाजता, गोडीत येऊन, शिकाऱ्याच्या भाषेत मी विचारले होते, हे खरे होते. म्हातारा पाचव्या दिवशी गेला. मुलगा शेजारी बसला होता. त्याचे म्हणणे खरे होते का, हा हिशेब माझ्या मनात अजून उघडा आहे.

मांस आम्ही वर्षभर खातो. हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग या राज्यात 2002 साली आढळला, म्हणून आमच्या भागात शिकारी डोक्याचा नमुना तपासायला देतात आणि निकाल येईपर्यंत मांस गोठवून ठेवतात. निकालाची वाट पाहायची मला सवय आहे. मग सासूबाईंच्या पद्धतीचा कांदा-लसूण मसाला. आता फोडणी देताना मला त्या जनावराचा चेहरा माहीत असतो. त्याने चव बिघडत नाही. वाढते असेही मी म्हणणार नाही.

राहिले वडील. 2016 चे हरीण मी त्यांना लगेच सांगितले होते, कारण त्याला कारण होते. 2017 चे सांगायला दोन महिने लागले. ते कीर्तनात धर्मव्याधाची कथा ऐकत आणि आम्हाला सांगत: मिथिलेतला मांस विकणारा, ज्याच्याकडे तपस्वी ब्राह्मण धर्म शिकायला गेला. मी फोनवर तिचा आधार घेऊ पाहिला. त्यांनी मला मध्येच थांबवले. "पोरी, तो विकत हुता. सोता मारीत न्हवता. नीट वाच." मी नंतर पाहिले, त्यांचे बरोबर होते. व्यासांनीही त्या व्याधाला तेवढी सवलत देऊन ठेवली आहे. मला ती घेता येत नाही. फोनवर बराच वेळ कुणी बोलले नाही. मग त्यांनी विचारले, "वाया न्हाई ना गेलं काई?"

"नाही, आप्पा."

"बरं."

त्यानंतर हा विषय त्यांनी काढला नाही आणि मला माफ केले असेही कधी म्हणाले नाहीत. त्यांची माळ गळ्यात आहे, वारी मात्र गुडघ्यांनी बंद केली आहे. पाडव्याला मी फोन करते. मागच्या पाडव्याला पाऊस, ज्वारी, बहिणीच्या मुलाचे लग्न, असे सगळे बोलून झाले. मी फोन ठेवणार तोच ते म्हणाले, "यंदा जानार हायस का?"

"शनिवारी, पुढच्या महिन्यात."

पलीकडे खोकल्याचा आवाज आला.

"कान बांधून जा. तिकडं गारठा लई."